निर्माल्याच्या पिंपाची उत्तरपूजा

ग्रामसभेत आपण तोंड उघडायचं नाही, हे सई घरातून ठरवूनच निघाली होती. मुळात ती गेली होती गणसंख्या भरायला. माडवण्याच्या ग्रामसभेला माणसं कधी पुरत नाहीत. मग पंचायतीचा शिपाई घरोघरी फिरतो आणि ज्याचं नाव मतदार यादीत आहे आणि जो आपल्या पायांनी चालू शकतो, त्याला देवळाच्या सभामंडपात आणून बसवतो. सईचं नाव यादीत नुकतंच लागलं होतं. आई अलिबागला ऑफिसात, बाबा बोटीवर, घरात दुसरं कुणी नाही. सही करायची, चहा प्यायचा, घरी यायचं, एवढाच साधा बेत होता.

पण विषयपत्रिकेवर तळं निघालं आणि सगळा घोटाळा झाला.

देवळामागचं हे तळं कधी खणलं ते गावात कुणालाच माहीत नाही. ते घाण कुणी केलं ते मात्र सगळ्यांना माहीत आहे. फक्त त्यात स्वतःचं नाव कुणी घेत नाही. माडवण्यात घरोघरी सकाळी पूजा होते. पूजा म्हटली की आदल्या दिवशीची फुलं निघणारच. ती देवाची. ती केरात टाकायची नाहीत, पायदळी येऊ द्यायची नाहीत, वाहत्या पाण्यात सोडायची. आता वाहतं पाणी माडवण्यात फक्त पावसाळ्यात आणि तेही रस्त्यावर असतं. म्हणून मग तळं. नुसती फुलं गेली असती तर तळ्यानं ती पचवली असती. पण ती जातात प्लास्टिकच्या पिशवीसकट, दोऱ्यासकट, उदबत्तीच्या रिकाम्या पुड्यासकट, आणि तीही स्कूटर न थांबवता. पिशवी भिरकावायची, त्याच हातानं नमस्कार करायचा आणि ऑफिसची वाट धरायची.

सरपंच पूनमताई काही वाईट बाई नव्हती. तिचं म्हणणं सरळ होतं. शनिवार-रविवारी काशीदकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग गावातून हलत नाही. पाहुणे कुणाच्याही अंगणात गाडी लावतात आणि वर विचारतात, "भाऊ, इथे नीरा मिळेल का?" तेव्हा तळं बुजवून तिथं पार्किंग करावं.

"ज्याला तळ्याचा वास येत नाही, त्यानं हात वर करा," पूनमताई म्हणाली.

एकही हात वर झाला नाही. पूनमताईचे यजमान सुजित मागच्या रांगेतून म्हणाले, "मंजूर, मंजूर." त्यांनी पार्किंगच्या पाट्यासुद्धा रंगवून ठेवल्या होत्या, बाणासकट.

आणि सई उभी राहिली. का राहिली हे तिला नंतर बरेच जण विचारणार होते. कारण साधं होतं. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर. तळ्यात पाणी आहे तोवर ते झिरपतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. तळं बुजलं की विहिरी खाऱ्या. विहीर खारी झाली की सईच्या आईची सुपारीची वाडी गेली. आईनं ऑफिस सांभाळून, पहाटे पंप लावून ती वाडी जगवली होती. हे सगळं सईच्या डोक्यात होतं. तोंडातून मात्र एवढंच निघालं :

"ताई, तळं साफ करता येतं की."

"कोण करणार?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण गो?"

सईनं आजूबाजूला पाहिलं. आम्ही म्हणजे ती आणि खांब. "आमचं कॉलेज," ती म्हणाली. "आमचं एन.एस.एस. राष्ट्रीय सेवा योजना." राष्ट्राला आणि योजनेला याची अजून कल्पना नव्हती.

पूनमताई हसली. "बरं. गणपती होऊन जाऊ देत. त्यानंतरच्या ग्रामसभेत आपण तळ्यावर उभं राहून वास घेऊ. वास नसला तर मी स्वतः विषय मागे घेईन. असला तर दुसऱ्या दिवशी डंपर. लिहून घ्या हो, ग्रामसेवक."

ग्रामसेवकांनी लिहून घेतलं. सईचा चहा तोवर निवला होता.

शेजारचे अण्णा संध्याकाळी कुंपणावर येऊन थांबले. अण्णा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. "भावनेच्या भरात कामं करू नयेत," ते म्हणाले. "आधी तळं कुणाचं ते शोध. परवानगीशिवाय सरकारी पाण्यात हात घातलास तर उद्या तुझ्यावरच नोटीस."

सईला ते पटलं, हीच तिची पहिली चूक. कॉलेजात प्राचार्य म्हणाले, उपक्रम स्तुत्य आहे, पंचायतीचं ना-हरकत पत्र आणा. पंचायत म्हणाली, तळं देवस्थानचं. देवस्थानचे विश्वस्त म्हणाले, देऊळ आमचं, पायऱ्या आमच्या, पाणी सरकारचं. तलाठी म्हणाले, सातबाऱ्यावर नुसतं 'तळे' लिहिलंय, पुढं काही लिहिलेलं नाही, अलिबागला विचारा. अलिबागच्या एका कचेरीत एका साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली, आपुलकीनं चौकशी केली आणि सांगितलं की पाणी गोडं असेल तर हे टेबल नाही आणि खारं असेल तर ते समोरचं टेबल, पण समोरचे साहेब रजेवर आहेत.

"गोडं आहे हो," सई म्हणाली.

"मग ग्रामपंचायत," साहेब म्हणाले.

ती घरी आली ती रागानं लाल होऊन. अण्णांनी सगळी हकिकत समाधानानं ऐकून घेतली. मग चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे ते कुणाचंच नाही असं सगळ्यांनी सांगितलं ना? झालं तर! आता हरकत घेणार कोण? कर साफ."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"आधी माहीत कुठं होतं? आता कसं, चौकशीअंती निष्पन्न झालं."

कॉलेजात सईचा वर्गमित्र देवव्रत हा एक हरहुन्नरी मुलगा होता. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक संकल्पना असायची. एन.एस.एस.ची मुलं गोळा करणं, टेम्पो ठरवणं, हातमोजे मिळवणं ही कामं सईनं केली. संकल्पना देवव्रतनं दिली. संकल्पना अशी की उद्घाटन झालं पाहिजे, म्हणजे व्हिडिओ चांगला निघतो. त्याप्रमाणे एक स्थानिक मान्यवर आले. पायरीवर नारळ फोडून त्यांनी पाण्याचं महत्त्व सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मान्यवरांनी गळ्यातला हार काढला, डोळे मिटले, हाराला कपाळ टेकवलं आणि तो मोठ्या श्रद्धेनं तळ्यात सोडला. देवव्रतच्या व्हिडिओत तेवढाच भाग स्पष्ट आला.

पण मुलांनी काम केलं, हे खरंच. बांबूला जाळ्या बांधून, कमरेएवढ्या पाण्यात उतरून, नाकाला रुमाल लावून रविवारमागून रविवार त्यांनी गाळ आणि पिशव्या उपसल्या. पहिल्या रविवारी आलेल्यांपैकी निम्मी मुलं दुसऱ्या रविवारी आली नाहीत. जी आली ती मग शेवटपर्यंत आली. पावसानं तळं भरलं. पाणी हिरवट का होईना, पण पाण्यासारखं दिसू लागलं. सई रोज कॉलेजला जाताना थांबून ते बघायची आणि तिचा ऊर भरून यायचा. आणि रोज परत येताना त्यात नवीन पिशवी दिसायची.

तिनं पाटी लावली : 'तळ्यात निर्माल्य टाकू नये.' दुसऱ्या दिवशी पाटीच्या खिळ्याला निर्माल्याच्या पिशव्या लटकत होत्या. लोकांनी पाटीचा मान राखला होता. तळ्यात टाकलं नव्हतं. मग कॉलेजनं दोन निळी पिंपं दिली. त्यांवर सईनं झोकदार अक्षरांत 'निर्माल्य येथे टाका' असं लिहिलं आणि ती पायऱ्यांजवळ ठेवली. त्यात पहिल्या आठवड्यात जमा झालं ते म्हणजे बोंबलाची डोकी, एक फाटकी चप्पल आणि कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा खोका. निर्माल्य तळ्यात.

नलूकाकूंनी कारण सांगितलं. नलूकाकू पलीकडच्या आळीत राहतात. देवधर्माच्या बाबतीत गावात त्यांचा शब्द शेवटचा असतो. "काय गो सई," त्या म्हणाल्या, "देवाची फुलं कचऱ्याच्या पिंपात टाकायची? माझ्या बाळकृष्णाचा हार त्या चपलेवर? हेच शिकवतात तुम्हाला कॉलेजात?"

"काकू, पण तळ्यात कुजतात ना ती."

"कुजोत. पाण्यात कुजतात."

आता इथं सईचं जे काही झालं त्याला दुसरं कुणी जबाबदार नाही. देवव्रतनं संकल्पना दिली हे खरं, पण हो म्हणाली सईच. गणपती जवळ आले होते आणि गणपतीत सगळ्या गावाचं निर्माल्य तळ्यात गेलं म्हणजे डंपर येणार हे दिसत होतं. संकल्पना अशी की पिंपाला प्रतिष्ठा द्यायची. दोघांनी मिळून पिंपं घासली, त्यांना शेंदरी रंग दिला, वर स्वस्तिक काढलं, श्रीकार लिहिला, काठाला झेंडूची माळ बांधली. 'निर्माल्य येथे टाका' हे खोडून 'निर्माल्य कलश' असं लिहिलं. आणि देवळाच्या गुरुजींना बोलावून चारचौघांत त्यांची साग्रसंगीत पूजा केली. हळद-कुंकू झालं, अक्षता झाल्या, आरती झाली, शिरा वाटला गेला. नलूकाकूंनी स्वतः पहिला हार कलशात ठेवला आणि डोळे टिपले.

त्या दिवसापासून तळ्यात एक पाकळीसुद्धा पडली नाही. सईला रात्री शांत झोप लागू लागली. तिला वाटलं, जिंकले.

पण देवाचं म्हणून जे जे टाकता येत नाही, त्याचा साठा प्रत्येक घरात असतो हे ती विसरली. तिच्या स्वतःच्या घरातही तो होताच, माळ्यावर. गेल्या कितीतरी वर्षांची कालनिर्णयं, म्हणजे त्यातली देवाचं चित्र असलेली पानं. गणपती छापलेल्या लग्नपत्रिका. काच तडकलेल्या तसबिरी. पाय मोडलेला नंदी. पाठीवर लक्ष्मी असलेलं किराणा दुकानाचं पाकीट. ही सगळी मंडळी आजवर माळ्यावर, कपाटामागे, पिंपळाखाली अवघडून दिवस काढत होती. आता त्यांना हक्काची जागा मिळाली. माडवण्यातून आली, शेजारच्या गावांतून आली, एक मोटार तर थेट पालीहून आली आणि भलीमोठी तसबीर उतरवून गेली. "ऐकलं की तुमच्याकडे घेतात," गाडीतल्या बाई म्हणाल्या. बल्लाळेश्वराच्या दारातली माणसं आपले देव घेऊन माडवण्याला येतात, याचा गावाला केवढा अभिमान! बायका येता-जाता कलशांना नमस्कार करू लागल्या. परीक्षेच्या दिवसांत मुलं प्रदक्षिणा घालू लागली. कुणीतरी उदबत्ती लावून कलशाच्या काठाला खोचली, तर प्लास्टिक वितळून भोक पडलं. त्या भोकाला तिसऱ्या दिवशी कुंकू लावलेलं दिसलं.

पिंपं भरली की मुलं फुलं काढून सईच्या वाडीतल्या खड्ड्यात खतासाठी नेत, आणि बाकीचे देव सईच्या पडवीत.

"सई," एका संध्याकाळी आई ऑफिसातून येऊन दारातच थांबली. सईची आई श्यामलाबाई तशी शांत स्वभावाची. "मला चप्पल काढायची आहे. ज्या दिशेला देव नाहीत अशी एक दिशा मला दाखव."

सईनं पडवीभर नजर फिरवली. अशी दिशा नव्हती.

"तुझ्या बाबांना मी फोनवर सांगितलं, घरात पाहुणे आहेत. ते म्हणाले, किती दिवस राहणार? काय सांगू मी त्यांना?"

"आई, फक्त चतुर्दशीपर्यंत."

"मी चप्पल हातात धरून मागच्या दारानं जाते," आई म्हणाली आणि खरोखरच गेली. पण रात्री जेवताना तिनं सईच्या ताटात जास्तीचा भात वाढला. सईला कळलं की आईला वाडीची काळजी आहे आणि मुलीचीही आहे. तळं वाचलंच पाहिजे, मग पडवीत तेहतीस कोटी येऊन राहिले तरी चालतील, असं तिनं पुन्हा एकदा मनाशी घट्ट ठरवलं.

खरं संकट आलं ते अनंत चतुर्दशीच्या सकाळी, नलूकाकूंच्या रूपानं.

"कलशांची उत्तरपूजा कधी?" काकूंनी विचारलं.

"कसली उत्तरपूजा?"

"अगो, म्हणजे काय? पूजा मांडली, इतके दिवस नमस्कार घेतले, आता तसंच उघड्यावर ठेवणार? पूजा केली की उत्तरपूजा आलीच. आणि उत्तरपूजा झाली की विसर्जन."

"विसर्जन? कुठं?"

काकूंनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की आपण मराठीच बोलतोय ना, अशी सईला शंका आली. "तळ्यात. दुसरं कुठं?"

सई धावत गुरुजींकडे गेली. गुरुजी सोवळं वाळत घालत होते. "मी फक्त पूजन केलं होतं, प्राणप्रतिष्ठा केली नव्हती," ते म्हणाले. "पण आता लोकभावनेनं झाली म्हणायची. लोकांनी मला विचारलं, मी म्हटलं, विसर्जन शास्त्रोक्तच होय. मी तरी काय करणार? दक्षिण आळीनं मिरवणुकीत वाजवायला खालूबाजासुद्धा सांगून ठेवलाय."

म्हणजे तळ्यात निर्माल्य पडू नये म्हणून ठेवलेली पिंपं, आत ठासून भरलेल्या निर्माल्यासकट, दोऱ्यांसकट, तसबिरींसकट आणि स्वतः प्लास्टिकची असताना, वाजतगाजत त्याच तळ्यात जाणार होती. माडवण्याच्या इतिहासात एवढं निर्माल्य एकदम तळ्यात कधी गेलं नव्हतं. आणि हे सगळं सईनं स्वतः हळद-कुंकू लावून सुरू केलं होतं. तिनं देवव्रतला फोन केला. तो म्हणाला, संकल्पना सुचली की सांगतो.

संध्याकाळी मिरवणूक निघाली. घरगुती गणपती दरवर्षीसारखे समुद्रावर जायचे होते. पण त्याआधी कलशांचा टेम्पो तळ्याकडे वळला. पुढं खालूबाजा, मागं बायका, मध्ये शेंदरी पिंपांवर गुलाल. पिंपाच्या भोकातून सुद्धा एक दूर्वा बाहेर आली होती. सई पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली. एकटीच.

"बाजूला हो गो," कुणीतरी म्हणालं.

"नाही होणार."

बाजा थांबला. नलूकाकू पुढं आल्या. "धर्माच्या आड येतेस?"

"धर्माच्या नाही काकू. मी फक्त पिंप बुडवू देणार नाही."

"ते पिंप नाही, कलश आहे!"

आणि सईच्या डोक्यात लख्ख पडलं. देवव्रतची वाट बघायची गरज उरली नाही.

"कलश आहे ना काकू? बरं. तुमच्याकडे सत्यनारायण होतो. कलश मांडता. कोणता तांब्या ठेवता?"

"माझ्या आईचा. तांब्याचा. लग्नात दिलेला." काकूंचा आवाज जरा मऊ झाला. "त्याचा घाट असा आहे की आता कुणी घडवणार नाही."

"पूजा झाल्यावर दरवर्षी त्याचं विसर्जन करता?"

"तांब्याचं?" काकू किंचाळल्या. "वेड लागलंय काय तुला? आईचा तांब्या मी तळ्यात टाकीन? आतलं पाणी तुळशीला घालायचं, तांब्या चिंचेनं घासायचा आणि फळीवर..."

काकू बोलता बोलता थांबल्या. मागं वळून त्यांनी टेम्पोकडे पाहिलं. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली, कारण तांब्या सगळ्यांकडेच होता आणि तळ्यात कुणीच टाकला नव्हता.

"गुरुजी," काकूंनी कडक आवाजात विचारलं, "शास्त्र काय सांगतं?"

गुरुजींनी एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा तळ्याकडे. त्यांचीही वाडी तळ्याच्या उताराला होती आणि त्यांच्या विहिरीचं पाणीही याच तळ्याचं. त्यांनी घसा खाकरला. "कलशातलं झाडांना, कलश फळीवर. काकू म्हणतात तेच शास्त्रोक्त."

"मी सकाळपासून हेच म्हणतेय," नलूकाकू म्हणाल्या, आणि कुणीही त्यांना अडवलं नाही.

उत्तरपूजा पायरीवरच झाली. गुरुजींनी अक्षता टाकल्या, पिंप जरासं हलवलं. मग बायकांनी पदर खोचले. फुलं एकीकडे, दोरे आणि पिशव्या एकीकडे, तसबिरी पुन्हा सईच्या पडवीकडे. बादल्या, टोपल्या भरभरून निर्माल्य निघालं ते घरोघरच्या तुळशीला, जास्वंदीला, अनंताला गेलं. पिंपं चिंचेनं घासावीत की राखेनं यावर थोडा वाद झाला. शेवटी दोन्हींनी घासली. खालूबाजावाल्यांना विसर्जनाचं सांगून बोलावलं होतं, ते काही न वाजवता कसे जाणार, म्हणून ते पिंपं घासून होईपर्यंत वाजवत राहिले.

आणि मग ग्रामसभा आली. या खेपेला शिपायाला फिरावं लागलं नाही. सभामंडप भरून माणसं बाहेर उभी होती. पहिल्या रांगेत एन.एस.एस.ची चिखलात मुरलेली मुलं, त्यांच्या शेजारी ऑफिसातून रजा घेऊन आलेली सईची आई. सभामंडपाची मागची बाजू उघडी आहे, तिथून तळं थेट दिसतं. पाणी स्थिर होतं. कडेला पाणकोंबडी फिरत होती.

पूनमताई उठून कठड्यापाशी गेली, वास घेतला आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "वास नाही." टाळ्या पडल्या. तिनं हात वर केला. "थांबा. मला एक विचारायचंय. सई, तुझं कितवं वर्ष?"

"शेवटचं लागलं."

"म्हणजे पुढच्या वर्षी तू मुंबईला. ही पोरं परीक्षा आली की गायब. आज तळं स्वच्छ आहे, तुमच्यामुळे आहे. मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही गेल्यावर कोण बघणार? परत वास सुटला की परत मलाच शिव्या. त्यापेक्षा आत्ताच बुजवलेलं काय वाईट?"

सई उभी राहिली. मनात आलं, ठोकून द्यावं काहीतरी, समिती नेमू, वेळापत्रक करू. पण खोटं बोलता येईना. कोण बघणार, हे तिला खरंच माहीत नव्हतं. आईच्या चेहऱ्याकडे बघवेना. इतके रविवार, इतका चिखल, पडवीतले ते सगळे देव, आणि शेवटी एका साध्या प्रश्नापाशी सगळं अडलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताई, मला..." ती म्हणाली.

तेवढ्यात मागे डुबुक् असा आवाज झाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. तळ्याच्या मधोमध एक पिशवी तरंगत होती. रस्त्यावर स्कूटर. स्कूटरवर सुजित, सभेला उशीर झाल्यामुळे घाईत, एक हात नुकताच नमस्कारासाठी छातीशी नेलेला.

"ए सुजित!" हा आवाज नलूकाकूंचा. "गाडी बंद कर! तिथंच थांब!"

अध्यक्षांची परवानगी न घेता अख्खी ग्रामसभा उठली आणि तळ्यावर धावली. अण्णा काठी टेकत पळाले. गुरुजी पळाले. उदबत्तीनं पिंपाला भोक पाडणारी मंडळी पळाली.

"अहो, फुलंच आहेत," सुजित म्हणाले.

"फुलं कलशात!"

"लक्षात नाही राहिलं हो."

"माझ्या लक्षात राहतं, तुझ्या नाही राहत? आत उतर. काढ ती."

"काकू, ही इस्त्रीची पँट..."

"उतर!" हे मात्र सगळ्यांनी एकदम म्हटलं.

सुजित उतरले. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन त्यांनी पिशवी आणली, काकूंच्या देखरेखीखाली सोडली, फुलं कलशात टाकली, पिशवी वेगळी ठेवली. दोरासुद्धा काकूंनी ओढून काढायला लावला. सरपंच पूनमताई हे सगळं पायरीवरून शांतपणे बघत होती. मग ती खाली उतरली, नवऱ्याची ओली बाही हातात धरली आणि सर्वांसमक्ष वास घेतला.

"येतो?" अण्णांनी गंभीरपणे विचारलं.

"येतो," पूनमताई म्हणाली. "ह्यांच्या घामाचा. पाण्याचा नाही." ती ग्रामसेवकांकडे वळली. "लिहा. पार्किंगचा विषय रद्द. तळं आहे तसं राहील."

ग्रामसेवक वही मांडीवर घेऊन पायरीवरच बसले होते. "ताई, देखभालीची जबाबदारी कुणाची लिहू? तो रकाना मोकळा ठेवता येत नाही."

पूनमताईनं सईकडे पाहिलं. सई आईचा हात धरून उभी होती, हसत होती आणि रडत होती. मग पूनमताईनं तळ्याच्या काठाकडे पाहिलं. तिथं निम्मं गाव अजून सुजितना धारेवर धरून होतं आणि उरलेलं निम्मं आपली पाळी कधी येते याची वाट बघत होतं.

"लिहा," पूनमताई म्हणाली, "समस्त ग्रामस्थ, माडवणे."